एका मतानं गेलेली आठवी

लातूर
दि. २१ ऑगस्ट २०२५

लुंबिनीताई,

सप्रेम जयभीम.

घरी सगळे बरे असतील. नागसेनभाऊंचा पुण्याहून फोन येतो का? माझं इकडे ठीक चाललंय. नवी शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे. मुलगा दुपारी माझ्या हातचं गरम जेवतो.

परवा बसस्टँडवर तुम्ही अचानक भेटलात. मुगाच्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या आणि म्हणालात, "तुमी एकल्याच आमच्या बाजूनं होतात, मॅडम. बाकीचे सर फुटले." तुमची यशू मागे उभी होती. शाळा कशी चाललीय म्हणून मी तिला विचारलं. तुम्हीच सांगितलंत, "आता माझ्यासंगं खुरपायला येते. आठवीला शिरूरला एकलीला कसं धाडू? सांजची गाडी कधी येते, कधी न्हाई."

तेव्हापासून एप्रिलमधली ती पालक-शिक्षक संघाची बैठक डोळ्यांपुढून हलत नाही. आठवी बंद करून त्या खोलीत सेमी इंग्रजीची पहिली काढायची, असा ठराव होता. लहान लेकरांचे पालक खूश होते. आठवीत जाणाऱ्या सात मुलींसाठी तुम्ही एकट्या उभ्या राहिलात. हेडसर म्हणाले, "घरटी एकच मत, आणि ते बापाचं." तुम्ही म्हणालात, "बाप पुण्यात हाय. लेकराला रोज शाळेत मी धाडते. मत माझं." तुम्हाला मत मिळालं.

मग कुणीतरी म्हणालं, शिक्षक पगारी माणसं, त्यांना मत कशाला? तिथंही तुम्हीच भांडलात. "लेकरं दिवसभर त्यांच्यापाशी असतात. कोणाला किती येतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांना मत पाहिजेच." आम्हा पाच जणांना मत तुमच्यामुळे मिळालं.

चिठ्ठ्या पडल्या. वर्ग ठेवा म्हणणारे वीस, बंद करा म्हणणारे एकवीस.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा कुणी सांगितली नव्हती. आठवी माझा वर्ग. तो बंद झाला की मी अतिरिक्त ठरून माझी बदली होणार होती, आणि लातूरला जागा रिकामी होती. नऊ वर्षं मी रोज मुलगा झोपेत असताना घर सोडलं. तो आजारी असला तरी शेजारीण बघायची. हे मी माफीसाठी सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

काल हेडसरांना फोन केला, वर्ग परत सुरू करता येईल का म्हणून. ते म्हणाले, "पटावर पोरीच राहिल्या न्हाईत, मॅडम. कुणासाठी उघडायचा?" मी फोन ठेवला. नंतर तुम्हालाही लावला. तुम्ही "हां, बोला मॅडम" म्हणालात आणि मी तब्येत विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

तुम्ही सहीपुरतं शिकलात. हे यशूच तुम्हाला वाचून दाखवत असणार. ते ठाऊक असूनही लिहितेय.

यशू, बाळा, इथं थांबू नकोस, काही गाळू नकोस. आईला मोठ्यानं वाचून दाखव: ते एकविसावं मत माझं होतं.

तुझ्या बंद झालेल्या वर्गाची शिक्षिका,
मंजुषा बिराजदार