गेल्या वर्षीपेक्षा फार बरा

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलाचा फोन. रविवारी चारला सूनबाई माझ्याशी बोलणार. तिला फक्त इंग्रजी येतं. मी एकटा राहू शकतो हे तिला पटलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि माझी रवानगी त्यांच्याकडे. संकल्प: सहा दिवसांत इंग्रजी. सातवी शिकलेल्या माणसाला काय अवघड!
दुपारी चारला स्वयंपाकघरात ठक-ठक. पाइप असणार.

४ फेब्रुवारी
हिची शिकवणीची वही काढली. चाळीस वर्षं ही घरी मुलांना इंग्रजी शिकवायची. मी कधी बसलो नाही, वेळच नव्हता. पहिलंच पान: नुसतं 'गुड' कोण ऐकतो? जोर द्या. व्हेरी, मच, फार. इंग्रजीतही फार! म्हणजे निम्मी भाषा येतेच.

५ फेब्रुवारी
अभ्यास नाही. चष्मा सापडेना. शेवटी हिच्या उशीखाली निघाला. मी ठेवला नव्हता. ठेवला असेन.

६ फेब्रुवारी
'आय अ‍ॅम व्हेरी व्हेरी फाइन', पन्नास वेळा, मोठ्यांदा. शेजारच्या शिंप्याने खिडकीतून विचारलं, काका, कुणाशी भांडताय? म्हटलं, सराव. मग दोन कप कशाला मांडलेत, म्हणाला. भोचक!
चारला ठक-ठक. चारच्या चहाला येताना हिचा वॉकर असाच वाजायचा. दाराआड पाहिलं. घडी घालून तिथेच आहे. घाबरलो वगैरे नाही.

८ फेब्रुवारी
वहीत लिहिलंय, आणखी जोर हवा तर तुलना करा. केली. 'फार बेटर दॅन लास्ट इयर.' यापुढे सूनबाई काय बोलणार!

९ फेब्रुवारी, रविवार
फोन आला तेव्हा आत ठक-ठक चालू होती. ती ऐकू जाऊ नये म्हणून वाक्य ओरडूनच म्हटलं. सूनबाईने फोन मुलाकडे दिला. मग मुलगा हळूच म्हणाला, बाबा, गेल्या वर्षी आई होती.
म्हटलं, अरे, ते नुसतं जोर द्यायला.
तो म्हणाला, इतके बरे आहात ना, मग राहा तिथेच.
जिंकलो. फोन ठेवला, तर आवाज बंद.

१० फेब्रुवारी
चार वाजले. साडेचार. पाइप आपोआप सुधारला असेल.
पाचला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, ते वाक्य खरं नव्हतं. मराठीत सांगितलं, हळू आवाजात. वॉकर उघडून ओट्याशी ठेवला. थांबलो.
सहाला दोन्ही कप मीच प्यायलो. गार.