फणसापर्यंतचं गाणं

मु. कापडे, ता. पोलादपूर
शनिवार, जेवण झाल्यावर

मस्कतला लेकाच्या घरी थंड खोलीत बसलेल्या माझ्या दोस्ताला, म्हणजे जुल्फिकारला, भागोजीचा सलाम, रामराम आणि घाटातल्या वळणावर द्यायचो तसा एक लांब हॉर्न. तुझी साखर किती? गुडघे काय म्हणतात? (सकिनावहिनी सांगत होत्या की तू तिकडे लिफ्टनेच वरखाली करतोस. चैन आहे बाबा.) माझी तब्येत उत्तम आहे. माघात छातीत कळ आली, मुंबईला नेऊन आत जाळी बसवली, हे तुला ठाऊकच आहे. तीन महिने गाडी चालवायची नाही आणि एकट्याने चढ-उतार करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेही अठ्ठावीस वर्षं ट्रक घेऊन कशेडी घाट चढलेल्या-उतरलेल्या माणसाला. पुढे शिमग्याच्या आधी मी फाट्यावरच्या मोरीपाशी जरा आडवा झालो होतो, तेही तुझ्या कानावर आलं असेल. बनूच्या मते मी चक्कर येऊन पडलो होतो. तासाभराने ती शोधत आली. माझं म्हणणं एवढंच की झोप चांगली लागली होती.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू पाठवलेल्या यंत्राची गाणी माझ्या फोनमधून जातात. कुणाशी बोलायला फोन घेतला की गाणं थांबतं, आणि गाणं थांबलं की बनू हातातलं काम टाकून धावत येते. म्हणून पत्र. सकिनावहिनी तिकडे यायला निघाल्यात, त्यांच्या पिशवीत देतो.

तर यंत्र पोचलं. दोन काळे खोके पडवीत मांडले. मधे वायर नाही, काही नाही. गाणं सदऱ्याच्या खिशात आणि आवाज पडवीत. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून डोळे मिटले, आणि काय सांगू, गाडी सुरू झाली. गाडीला वजनच नव्हतं. काचेवर धुकं, कठड्याचे पांढरे दगड एकेक करून येतायत नि जातायत, आणि बाजूच्या सीटवर तू तोंड उघडं टाकून झोपलेला. (तू नेहमी म्हणायचास की मी नुसते डोळे मिटलेत. घोरत होतास.) आता बोगदा झालाय, माणूस दहा मिनिटांत पलीकडे. वरची ती वळणं कुणालाच नकोत. मला वाटतं ती आपापल्या जागी गप पडून असतील, कुणाची तरी वाट बघत. मी रोज दुपारी त्यांच्यावरून हलक्या हाताने गाडी नेतो. खाली नदी दिसते, भाताची खाचरं दिसतात, ब्रेक लावावाच लागत नाही. इतकं सुख मला गाडी खरोखरची होती तेव्हाही लागलं नव्हतं.

पण दोस्ता, गाणं तुटतं. बाई सूर लावते आणि अर्ध्या शब्दावर गप्प. मग पुढचा शब्द, मग उचकी, मग नुसता वारा. ऐन वळणावर गाडी बंद पडावी तसं होतं. मी डिझेलच्या पाइपमधली हवा काढलेला माणूस, मी काय स्वस्थ बसतो? आधी संशय गेला भाताच्या पत्र्याच्या कोठीवर. पत्रा आवाज अडवतो असं मालोजी म्हणाला. (मालोजी म्हणजे शेजारचा. त्याच्याकडे रेडिओसुद्धा नाही, पण मत आहे.) कोठी उपसली, भात चटयांवर ओतला, कोठी मागच्या खोलीत नेली. मला हात लावू दिला नाही, मी नुसती दिशा दिली. कोठीखाली उंदराचा संसार निघाला, बनूची हरवलेली पळी निघाली, गाणं तुटायचं ते तुटतच राहिलं. मग संशय कमळाबाईच्या मिक्सरवर. मालोजीची बायको ती. वाटण चार दिवस पाट्यावर वाटशील का, असं तिला मी अगदी नम्रपणे विचारलं. चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी घावणे पाठवले, त्याबरोबरची चटणी मिक्सरचीच होती.

शेवटी महाडच्या दुकानातून फुरकान आला, यंत्रं दुरुस्त करणारा. चांगला चाळिशीतला, समजूतदार माणूस. तो तासभर पडवीत बसला, चहा प्याला, मीही समोर बसलो, आणि यंत्राने एकदाही उचकी दिली नाही. डॉक्टर दारात आल्यावर ताप उतरावा, त्यातली गत. त्याने एकच विचारलं, की काका, गाणं चालू असताना फोन कुठे असतो? म्हटलं, खिशात, आणखी कुठे टांगू? त्याने बनूकडे बघितलं, बनूने त्याच्याकडे बघितलं, आणि यंत्र चांगलं आहे म्हणून तो निघून गेला.

मग मी स्वतः शोध लावला. गाणं वाटेल तिथे तुटत नाही. अंगणात छान चालतं. फणसाशी अडखळतं. विहिरीपाशी एकेक शब्द येतो. कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेर पाऊल टाकलं की संपलं. हे मी सात दिवस, वेगवेगळ्या वेळी, फाट्याच्या दिशेने चालून तपासलंय. तेव्हा बिघाड फणसात असावा असं माझं मत होत चाललंय. (फणसाला चीक असतो. आवाज चिकटत असेल.)

आणि एक नवल सांगतो. बनूला गाण्याची एवढी आवड आहे हे मला छत्तीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. परवा विहिरीपाशी पोचतो न पोचतो तोच ही ओल्या हातांनी समोर उभी. "कुठं चाललाव?" मी म्हटलं, गाण्यातला बिघाड शोधतोय. "घरात शोधा," म्हणाली आणि माझा हात धरून पडवीत घेऊन आली. हात बराच वेळ सोडला नाही.

असो. तुझ्या लेकाला, अरफातला, आशीर्वाद. तिकडच्या उन्हात टोपी घालत जा. खरं सांगू का, दुपारी बाजूची सीट रिकामी पडली की तुझी फार आठवण येते.

तुझा,
भागोजी

ता. क. अरफात असल्याच यंत्रांच्या दुकानात आहे ना? त्याला म्हणावं, लांब पल्ल्याचं एखादं बघ. गाणं निदान फाट्यापर्यंत न तुटता यायला हवं. तिथून पोलादपूरचा टेम्पो मिळतो, आणि पोलादपूरहून कशेडी काय, पायाखालचीच. एकदाच जाऊन वळणं बघून येईन. बनूला हे कळवू नकोस.

ता. क. २. भाऊजी, मी बनू. ह्ये दुपारचे झोपलेत, पत्र उघडं हाय म्हणून वाचला. यंत्राला काय झाला नाय. फोन खिशात घालून ह्येच चालू लागतात नि गाना तुटतो. फुरकानभाऊंनी मला तवाच सांगितला. मीच म्हटला, यांना बोलू नका. मी मागं भांडी घासत असते, गोठ्यात असते. गाना चालू हाय म्हणजे ह्ये अंगणात हायेत. अडखळला म्हणजे फणसाशी. बंद पडला की मी धावते. ह्ये मोरीशी पडले त्या दिवशी यंत्र नव्हता. तासभर मी भाकऱ्या करत बसले, भाऊजी, मला कायपण कळला नाय. तवा लांब पल्ल्याचा पाठवू नका. जमला तर याच्यापेक्षा थोडा तोकडा बघा, विहिरीपर्यंतसुद्धा नको. सकिनाभाबीला सांगा की मी

ता. क. ३. भाऊजी, पत्र तसाच टाकून गेले होते. गाना अडखळला म्हणून. ह्ये उठून फणसाखाली उभे होते, डोळे मिटून, हात स्टेअरिंगवर ठेवल्यासारखे. मी हाक मारली नाय. पडवीतली खुर्ची नेऊन त्यांच्या बाजूला बसले. मला म्हणाले, दार नीट लाव, वळण आलाय. मी लावला.