मुरत ठेवलेला पाव

जुळे सोलापूर,
२३ डिसेंबर २०२५

प्रिय पूनम,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. दर रविवारी संध्याकाळी तुझा फोन येतो. तू माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करतेस, मी तुझ्या शाळेची करते. मोहोळला पाणी किती दिवसांनी आलं ते तू सांगतेस, सोलापुरात किती दिवसांनी आलं ते मी सांगते, आणि आपण दोघी फोन ठेवतो. त्या पाच मिनिटांत माझ्या पोराचं, अजिंक्यचं नाव ना तू घेतेस, ना मी. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, पण एवढं एक आपण न ठरवता पाळत आलो. आज मी ते मोडते आहे. हे पत्र एकटी असताना वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवलंस तर म्हातारीनं पुन्हा रडगाणं लावलंय असं वाटेल तुला.

या महिन्याच्या एक तारखेला मी अजिंक्यचा तो पाव केला. श्टोलन, जर्मन लोकांचा नाताळचा पाव. नाव अजून जिभेवर नीट बसत नाही. तुला आठवत असेल, तो गेल्यावर जानेवारीत त्याच्या जर्मनीतल्या घरमालकीणबाईंनी त्याचं सामान पाठवलं होतं. स्वेटर, बूट, तुमच्या लग्नातला फोटो, जर्मन शिकायच्या वह्या, आणि सगळ्यात खाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एक जडशीळ पाव. बाईंच्या चिठ्ठीतलं तूच मला मराठीत सांगितलंस. नाताळाच्या आधी दोघांनी मिळून दोन पाव केले होते, एक त्यांच्यासाठी आणि एक अजिंक्यनं आपल्या घरासाठी. तिकडच्या रीतीप्रमाणे तो तीन आठवडे मुरू द्यायचा असतो, म्हणून कपाटात ठेवला होता. तू तो दोन्ही हातांत धरून उभी होतीस, आणि मी तुझ्या हातातून तो ओढून घेतला. एक तुकडासुद्धा तुला दिला नाही. माझ्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे, कुलपात ठेवला. शेवटी उन्हाळ्यात मुंग्या लागल्या तेव्हा एकटीच रिक्षानं जाऊन कंबर तलावात सोडून आले. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

पण वास काही गेला नाही. वेलदोडा, जायपत्री, लोणी आणि संत्र्याची साल असा मिळून तो वास होता. साड्या तीनतीनदा उन्हात टाकल्या, कपाट पुसून काढलं. तरी दुपारी दीड-दोनच्या सुमाराला, गल्लीत चिटपाखरू नसतं तेव्हा, तो वास आतल्या खोलीतून हळूहळू बाहेर यायचा. पाठोपाठ सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज व्हायचा, अजिंक्य घरी आला की व्हायचा तसाच. मी दार उघडून बघायचे. समोरच्या चंद्रव्वाच्या कानावर एकदा घातलं तर ती म्हणाली, बाई, बाहेरचं काहीतरी असेल, कुणाला तरी दाखवून घ्या. मी हो-हो म्हटलं आणि कुणालाच दाखवलं नाही. खरं सांगू? तो जावा असं मला वाटतच नव्हतं. भीती वाटायची, आणि तरीही दीड वाजला की मी दाराजवळची खुर्ची धरून बसायचे.

गेल्या महिन्याच्या शेवटी एक माणूस घरी येऊन काही बोलून गेला. तो कोण आणि काय बोलला ते शेवटी सांगते. तो गेल्यावर मी अजिंक्यच्या वह्या पुन्हा काढल्या. त्यातल्या एका पानावर त्यानं या पावाची कृती मराठीत उतरवून घेतली आहे. वर तारीख २७ नोव्हेंबर. मोत्यासारखं अक्षर कधीच नव्हतं त्याचं, पण वेलांट्या मी शिकवल्या तशाच. 'बेदाणे आदल्या दिवशी रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवणे (आईसाठी).' 'लोणी भरपूर, घाबरू नये.' ते वाचून मला हसू आलं, आणि मग मी नवी पेठेत जाऊन सगळं सामान आणलं. बेदाणे, बदाम, जायपत्री, यीस्ट. संत्र्याच्या साली घरीच साखरेत शिजवल्या. एवढं सगळं आणताना आपण हे का करतोय हे मी स्वतःला विचारलं नाही.

पहिला गोळा फुगलाच नाही. चार तास झाले तरी पाट्यावरचा वरवंटा बरा असा घट्ट. तसाच परातीत घालून चौकातल्या दस्तगीरभाईंच्या बेकरीत नेला, आपण दिवाळीला नानकटाई भाजून आणतो तिथे. त्यांनी बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "यीस्ट मेलं की याचं, बाई. दूध लई गरम घातलं तुम्ही. कोमट पाहिजे, लेकराला आंघोळीला घेतो तेवढंच." दुसरा गोळा मी त्यांच्या समोरच मळला. तो दुप्पट झाला. त्यात बेदाणे, बदाम, साली घालून, लाटून, एक कड दुसरीवर दुमडली. अजिंक्यनं पानावर चित्र काढलंय आणि खाली लिहिलंय, 'दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसला पाहिजे.' तासाभरानं पाव भट्टीतून निघाला. गरम असतानाच वर पातळ केलेलं लोणी ओतलं, आणि दस्तगीरभाईंनी चाळणीतून पिठीसाखर भुरभुरवली. दोनदा, तीनदा, कुठे तपकिरी दिसेनासं होईपर्यंत.

पूनम, तो पांढराशुभ्र झालेला पाव पत्र्यावर आडवा पडला होता आणि मला बाळ दिसलं नाही. मला दिसली ती अजिंक्यला आणलेली पेटी. आपल्या दारात उतरवलेली, आणि तिचं झाकण उघडल्यावर दिसलेलं ते पांढरं कापड. मी चप्पल न घालता बेकरीतून बाहेर पडले आणि रस्त्यातच बसले. दस्तगीरभाईंनी मला पाणी पाजलं. मग भट्टी तशीच सोडून, पाव कापडात बांधून, ते माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "अजिंक्य आला होता माझ्याकडं जायच्या आधी. म्हणाला, चाचा, तिकडं पाव लई खातात म्हणे, पण तुमच्यासारखा नसंल." मला वाटलं होतं, त्याच्या आठवणी फक्त माझ्याच घरात आहेत.

त्या पेटीपाशी मी काय बोलले ते तुला अक्षरन् अक्षर पाठ असणार. मलाही आहे. शहाजीभावजी, तुझा भाऊ शिवराज, चंद्रव्वा, गल्लीतली पंधरा-वीस माणसं उभी होती आणि मी तुझ्याकडे बोट करून ओरडले, "हिनं मरायला धाडलं माझ्या पोराला. हिलाच हौस होती परदेशाची." तू वर बघितलंस, तोंड उघडलंस, आणि पुन्हा मिटलंस. त्याचे अर्ज तूच भरले होतेस, त्याच्याबरोबर जर्मन तूच शिकली होतीस, त्याच्याकडून धडे घोकून घेतले होतेस. त्यामुळे माझं बोलणं सगळ्यांना खरं वाटलं. तुलाही वाटलं. त्यानंतर दीड वर्ष तू माझ्या घरात राहिलीस, माझं पथ्यपाणी बघितलंस, माझे पाय चेपलेस, आणि एकदाही मला उलटून बोलली नाहीस. तुझ्या त्या न बोलण्यात मी आरामात राहिले. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

पाव तीन आठवडे मुरत ठेवला, आणि त्या तीन आठवड्यांत अजिंक्य रोज आला. आधी वास, मग सायकल. आणि यंदा पहिल्यांदा त्याचा आवाजही आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पाठीमागून. "आई, हो म्हण की." तेवढंच. हे शब्द तुला ओळखीचे वाटणार नाहीत. कारण तो जे माझ्याशी बोलला ते तुला कुणीच सांगितलं नाही. त्यानंही नाही आणि मीही नाही.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याचा फोन आला होता. तू मोहोळला माहेरी गेली होतीस. मी घटासाठी माती चाळत होते. तो म्हणाला, "आई, मला इथं करमत नाही. काम जमतंय, माणसं वाईट नाहीत, पण संध्याकाळी खोली खायला उठते. दिवाळीला येतो आणि परत जात नाही. टॉवेलच्या कारखान्यात माझी जुनी जागा अजून रिकामी आहे, मी विचारलंय." मी माती चाळतच राहिले. तर म्हणाला, "पूनमला इतक्यात सांगू नकोस, ती जिवाला लावून घेईल. तू एकदा हो म्हण की, मग मी तिला सांगतो."

मी हो म्हटलं नाही. आठच दिवस आधी भावकीतल्या एका साखरपुड्यात शहाजीभावजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बघू की वैनी, किती दिस टिकतंय तुमचं पोरगं तितं." तेच माझ्या डोक्यात ठणकत होतं. मी त्याला म्हटलं, वर्ष तरी पुरं कर, नाहीतर पळून आला म्हणतील लोक, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो म्हणाला, "बरं." एवढंच. पुढे कधी त्यानं तो विषय काढला नाही. त्याची दिवाळी तिकडेच गेली. आणि नऊ डिसेंबरला सकाळी कामावर जाताना गोठलेल्या रस्त्यावर त्याची सायकल घसरली आणि तो वळणाऱ्या ट्रकखाली गेला. दिवाळीला आला असता, तर त्या सकाळी तो या घरात चहा पीत बसला असता.

तेव्हा तुझ्याकडे दाखवलेलं बोट खरं कुणाकडे वळायला हवं होतं ते आता तुला कळलं. मला ते तेव्हाही माहीत होतं. दुःखात भान राहत नाही असं लोक म्हणतात, पण मला पूर्ण भान होतं. कुणीतरी मला विचारेल, याच्या आधी मी बोलून घेतलं.

त्याच्या कृतीच्या शेवटी एक ओळ आहे. ती मी तीन वर्षं वाचून न वाचल्यासारखं करत होते. 'पुढच्या डिसेंबरात घरी करणे. दस्तगीरभाईंना भट्टीचं विचारणे.' माझा शब्द पाळून, वर्ष पुरं करून, तो येणारच होता. काल मी पाव कापला. पहिली चकती बेकरीत नेऊन दस्तगीरभाईंना दिली, दुसरी मी तिथेच उभ्यानं खाल्ली. चांगला झालाय गं. आत ओलसर, बेदाण्यांनी भरलेला, जायपत्री जरा पुढे येते. चांगला झाला म्हणूनच घास गिळता गिळेना. उरलेला निम्मा शिवराजच्या हाती पाठवते आहे. या वेळी तुझ्या हातातून तो कुणी घेणार नाही.

आता तो माणूस कोण ते सांगते. शिवराजच आला होता. तुझ्या शाळेतल्या इंद्रजीत सरांच्या आईनं जेऊरहून येऊन तुला मागणी घातली, तुला ते आवडतात हे घरात सगळ्यांना कळतं, आणि तरी तू नाही म्हणालीस, असं तो सांगत होता. का, असं मी विचारलं. त्यानं खाली बघत तुझेच शब्द सांगितले, "जिनं एका माणसाला मरायला धाडलं, तिनं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये." त्या पोराला कळलं नसेल, पण ते शब्द तुझे नाहीत, माझे आहेत, आणि तू ते तीन वर्षं स्वतःचे समजून वागवते आहेस. त्याच दिवशी तुला हे लिहायला हवं होतं. मी भ्याले. पाव मुरला की लिहीन, असं म्हणत तीन आठवडे काढले. काल दुपारी मी शहाजीभावजी, चंद्रव्वा आणि शिवराज यांना घरी बोलावलं, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवसाचा तो फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. चंद्रव्वा रडली. शहाजीभावजी उठून गेले, चहा तसाच राहिला. त्या दिवशी दारात जे जे होते, त्या बाकीच्यांच्या घरीही मी या आठवड्यात जाणार आहे. मला माफ कर असं लिहायचा धीर होत नाही, म्हणून ते मागत नाही. इंद्रजीतना हो म्हणायचं की नाही ते सर्वस्वी तुझं तू बघ, फक्त माझ्या खोटेपणावर विसंबून ठरवू नकोस. या रविवारी फोन आला नाही तरी मी समजून घेईन. आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी 'आई' लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते. तो शब्द परत द्यायचा की नाही, हे आता तुझ्या हातात आहे.

तुझीच,
भुवनेश्वरी