कालव्याकाठचा डबा

मँचेस्टर, ३ मार्च २००९

चि. सौ. अरुणास, कालव्यावरच्या धुक्यातून दादाचे आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही, सूनबाई देवयानी शेजारच्या खोलीत असते. म्हणून हे पत्र. शनिवारी सुश्रुतने मला कॅसलफील्डच्या कालव्यावर नेलं. संथ पाणी, काठाला लाल विटांच्या वखारी, वर रेल्वेचे लोखंडी पूल. शाळेत पाठ केलेल्या कविता आपोआप ओठांवर आल्या. पण आमचे चिरंजीव बोलतच सुटले. रोमन किल्ल्याचं पुन्हा बांधलेलं दार, कोळशासाठी खणलेला कालवा, कमानीतून थेट वखारीच्या पोटात शिरणाऱ्या नावा. इतिहासात कसाबसा पास होणारा हा मुलगा. हे सगळं शिकला कधी?

आणखी एक. पूर्वी डब्यात आमटीभात न्यायचा, ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे. हल्ली देवयानीकडे दशम्या मागतो. दशम्या प्रवासाला नेतात, ऑफिसात कोण नेतं? मला लक्षण ठीक दिसत नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत गप्प बसलेला,
दादा

पिनर, लंडन, ७ मार्च २००९

ती. दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

संशय घेण्यात तू आईच्या वरताण आहेस. कालव्याकाठी कुणी गोरी भेटली असेल, असं आमचे हे हसत म्हणाले. मी मात्र हसले नाही. देवयानीला म्युझियमला जातो म्हण आणि ऑफिसच्या दिवशी भरदुपारी कालव्यावर एक चक्कर टाक. ट्रामने जा, चालत नको.

माया आहे तशी राहू दे, आणि मफलर विसरू नकोस.
तुझी अरुणा

मँचेस्टर, १२ मार्च २००९

चि. सौ. अरुणास आशीर्वाद.

गेलो होतो. कालव्याच्या लॉकजवळ, पाणी अडवणाऱ्या दारांपाशी, बाकावर सुश्रुत एकटा, गळ्यात टाय, मांडीवर डबा. तुझ्या यांना सांग, गोरी नाही, कुणीच नाही. मला पाहून उठला नाही, नुसती सरकून जागा केली. नोकरी जानेवारीतच गेली म्हणाला. व्हिसा त्या नोकरीवरच, दुसरी मिळाली नाही तर सगळं आवरून पुण्याला परतायचं. देवयानीला सांगायचा धीर होईना, म्हणून रोज तयार होऊन निघायचा आणि इथल्या पाट्या वाचत हिंडायचा.

तिला सांगू नका, म्हणाला. मी म्हटलं, मी नाहीच सांगणार, आज तू सांगशील आणि मी शेजारी बसेन.

संध्याकाळी त्याने सांगितलं. व्हिसाचं काय, घराचं काय, असलं काही तिने विचारलं नाही. एवढ्या थंडीत एकटाच बसत होतास का, इतकंच विचारलं. मी चहा ठेवायला आत गेलो, आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

तुझा लोभ आता आम्हा तिघांवर असू दे.
दादा