परात कुणी वाजवली

बाबा, पहिली आली ती चौदा नंबरवालीच. पाहुणे चहाच्या वेळेला यायचे होते, ही माझं जेवण उरकतंय तोच सोफ्यावर येऊन बसली. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा वळेसर, आणि वर मलाच विचारते, "काय गं, पोह्यांत खोबरं घातलंस ना?" माझ्या घरात! चौदा नंबर म्हणजे आपल्या समोरची खोली, तुम्हाला आठवत असेलच. आता ती खोली नाही की चाळ नाही, टॉवर झालाय. तिला वरचा मजला लागला, तिथून समुद्राची रेघ दिसते म्हणे. मला चौथा, खिडकी उघडली की दुसऱ्यांचे एसी. पण तिला आम्ही अजून चौदा नंबरवालीच म्हणतो. तर पाहुणे म्हणजे दोन मुली आणि एक दाढीवाला, परळचेच. गिटार वाजवतात, ड्रम बडवतात, रॉक बँड आहे त्यांचा. त्यांना तुमच्या कलापथकाचा इतिहास हवाय. दाढीवाला पाया पडला नि म्हणाला, "आजी, तुमच्या बाबांचं कलापथक म्हणजे गिरणगावातला पहिला रॉक बँड!" मी म्हटलं, "रॉक कसला रे, गिरणीत साच्यावर, मागावर उभी राहणारी माणसं होती ती." पण आतून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! चहात साखर दोनदा घातली मी.

काय काय विचारत होते! पहिला कार्यक्रम कुठे झाला? कोळशेवाल्याच्या हातगाडीवर, आपल्याच चाळीत. ढोलकीवाला रंगात येऊन पुढे झुकला की गाडी पुढे कलंडायची, म्हणून मागच्या बाजूला दोन जाडे बाप्ये मुद्दाम बसवलेले. लोकांना वाटायचं, तेही गाणारेच. मग संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या, पुढाऱ्यांच्या भाषणाआधी तुमचा पोवाडा, आणि मग काय, आज वडाळा तर उद्या माझगाव. शीव कोळीवाड्यात कोळणींनी बिदागी म्हणून सुक्या बोंबलांची जुडी दिली, ती तुम्ही डफाच्या पिशवीत टाकलीत. पुढे कितीतरी दिवस डफाला वास. हे सांगितलं तर ती चष्मेवाली मुलगी हसता हसता मोबाईलवर टिपून घेत होती. मग तिने विचारलं, "आणि परात? परातीची आयडिया कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत चौदा नंबरवाली म्हणाली, "माझी."

बाबा, तुम्ही होतात ना तिथे! खाऱ्या हवेत डफाचं चामडं ढिलं पडतं, आवाज बसतो, म्हणून तो शेगडीवर शेकून द्यायचं काम माझं. सगळा कार्यक्रम मी पडद्यामागे, निखाऱ्यांशी. त्या दिवशी परळच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि जुनं चामडं टरकन फाटलं. तुम्ही कपाळाला हात लावलात. मी धावत सुटले, घरी जाऊन आईपुढची परात ओढली, भाकरीचं पीठ तसंच चिकटलेलं, आणि घेऊन आले. पालथी धरून दोन थापा मारून दाखवल्या तुम्हाला. तुमचा चेहरा असा उजळला! मला वाटलं, आता म्हणाल, चल वर. तुम्ही परात माझ्या हातातून घेतलीत आणि तिच्या हातात दिलीत. मला म्हणालात, "तू हयच रव." का, तर "आपल्याच चेडवाक पुढे केल्यान, असा लोक म्हणतले." स्वतःच्या लेकीलाच पुढे केलं म्हणणाऱ्या लोकांचं तोंड बंद राहिलं. ती वर गेली, परात घुमली, आणि त्यानंतर प्रत्येक सभेत लोक ओरडायचे, परातवालीला आणा. मी निखारे फुंकत होते. फाटका डफ नवा झाला तरी परात काही तिच्या हातातून सुटली नाही.

हे सगळं मी पाहुण्यांसमोर बोलले, अगदी आवाज चढवून. "परात माझ्या आईची होती!"

"होती ना," ती म्हणाली, "पण वाजवली कुणी?"

"दोन थापा आधी मी मारल्या होत्या!"

"दोन थापांनी पोवाडा होतो काय गं?"

दाढीवाल्याने घाबरून पोह्यांची बशी पुढे केली. मग ती माझ्याकडे न बघता त्या मुलींना म्हणाली, "सभा सुटली की केवढी गर्दी असायची. हिचे बाबा, म्हणजे आमचे मास्तर, परात नि डफ माझ्याकडे द्यायचे आणि हिचा हात धरायचे. डाव्या हाताने. उजव्या अंगठ्याला गिरणीत लागलेलं, चिंधी बांधलेली असायची. लालबागला चाळ येईपर्यंत मी एकटी त्यांच्या मागे. मला बाप नव्हता. वाटायचं, फेकून द्यावी ती परात नि दुसऱ्या बाजूने आपणही तो चिंधीचा हात..." आणि बशीतले शेंगदाणे वेचत बसली.

मला तिची कीव यायला हवी होती, नाही का? थोडी आलीही. पण बाबा, त्याहून जास्त मी जळले. परात घेतली, टाळ्या घेतल्या, आणि ह्या चिंधीची आठवणसुद्धा तिच्याचजवळ!

चष्मेवालीने हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला आठवतंय ते? बाबांचा हात धरून घरी येणं?" मी म्हटलं, "म्हणजे काय! कालच्यासारखं."

चौथीपर्यंतची माझी शाळा, एवढं लिहिता लिहिता बोटं आखडली. पत्ता तर घालायचा नाहीच, कुठे घालणार? म्हणून तुम्हाला सांगते. नाही आठवत मला. शेगडी आठवते, धूर आठवतो, तुमची पाठ आठवते. हात नाही आठवत. गुरुवारी ते परत येतो म्हणालेत, ते घरी येणं त्यांना नीट ऐकायचंय. तोपर्यंत आठवतो का बघते.