अर्ध्या किमतीचं पंधरावं

७ सप्टेंबर, रविवार

तीनशे कुपनं छापून आली! गुलाबी कागद, वर मुकुट — ‘मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचा अल्बम अर्ध्या किमतीत.’ शंभर चायोच्या पार्लरमध्ये ठेवली, बाकीची प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर वाटली.

बाबा म्हणाले, “फोटो म्हणजे काय टोमॅटो? संध्याकाळ झाली की स्वस्त?” स्टुडिओच्या पाटीवर चाळीस वर्षं त्यांचं नाव, बोलणारच. पण ऑक्टोबर संपेपर्यंत चार पंधराव्यांची कामं मिळाली नाहीत तर पाटी उतरवायची आणि मी दूर केरेतारो शहरातल्या कारखान्यात जायचं, हे आम्ही दोघांनीच ठरवलंय. मग यांना कोण बघणार? नजर इतकी गेलीय, दारातलं माणूस ओळखू येत नाही आता.

१० सप्टेंबर

कोणी नाही.

१३ सप्टेंबर

एक जण आला. पासपोर्टच्या फोटोसाठी. त्यालाही कुपन चालेल का म्हणे!

१८ सप्टेंबर

चायोकडे जाऊन आले. बायका कुपन उचलतात, वाचतात, परत ठेवतात. का? महाग आहे का अजून? कागद वाईट आहे का? दिवसभर तेच डोक्यात. भात करपवला.

१९ सप्टेंबर

कळलं. देवा, कळलं!

बेकरीवाल्या ग्रिसेल्दाबाई आल्या. भाचीच्या पंधराव्याला फोटोंची माद्रिना, म्हणजे फोटोंचा खर्च मानाने उचलणारी, त्याच; जुलैतच आमच्याकडे ठरवलं होतं. बसल्या नाहीत. “नेलीदा, तू गुणाची आहेस गं. पण मी इथे फोटो काढले तर गाव काय म्हणेल? माद्रिना झाली आणि अर्ध्यात उरकलं! मी पूर्ण पैसे दिले हे काय कपाळावर लिहून फिरू?”

आणि ठरलेलं मोडून गेल्या.

मला हे सुचू नये? केकची माद्रिना, बुटांची माद्रिना, फोटोंची माद्रिना — प्रत्येकीचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यांदा घेतात. मानासाठी तर होतात बायका माद्रिना! आणि मी त्यांच्या हातात स्वस्ताईचा कागद ठेवला. स्वतःच्या हाताने. नवीन गिऱ्हाईक राहिलं बाजूला, होतं तेही गेलं.

बाबा एवढंच म्हणाले, “टोमॅटोसुद्धा उरले.”

२१ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडून सांगितलं — कुपनं रद्द! पूर्ण किंमत, सगळ्यांना एकच! काचेवर तशी पाटी लावली. चायोकडचा गठ्ठा चुलीत घातला.

३० सप्टेंबर

दोन ठरली! पाटी वाचून आल्या दोघी. एकीने विचारलं, “नक्की कोणालाच सूट नाही ना?” नक्की, म्हटलं.

तरी धाकधूक आहेच. दोन म्हणजे चार नव्हेत.

७ ऑक्टोबर

ग्रिसेल्दाबाई परत आल्या. बसल्या. कॉफी घेतली. मखमली अल्बम बोटाने चाचपत होत्या, तेवढ्यात दारात एक बाई. फाउस्ता — नदीपलीकडे राहते, लोकांचे कपडे धुते. घडी घातलेलं गुलाबी कुपन पुढे केलं.

“आमच्या ब्रिसाचं पंधरावं आहे. फोटोंची माद्रिना कोणी झालंच नाही. म्हटलं, एवढ्या पैशांत आपल्यालाच जमेल.”

ग्रिसेल्दाबाईंचं बोट थांबलं. माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणाले, “कुपनं बंद झाली, बाई. पाटी आहे बघा.”

“मला वाचता येत नाही,” फाउस्ता म्हणाली. “पोरीने वाचून दाखवलं होतं हे.” कुपन परत शालीआडच्या पिशवीत ठेवलं आणि गेली. पंधरावं कधी आहे, हेसुद्धा मी विचारलं नाही.

ग्रिसेल्दाबाईंनी ठरवलं. तीन झाली.

बाबांनी विचारलं, “कोण होती ती?” पत्ता विचारत होती, म्हटलं.

९ ऑक्टोबर

नदीपलीकडे जाऊन यावं का? गुपचूप फोटो काढून द्यावेत. पण गुपचूप काय राहतं या गावात? एक फुटलं की तिन्ही जातील. चौथं ठरू दे. मग जाते.

लाज वाटते. भीती जास्त वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार

चौथं ठरलं! स्टुडिओची पाटी उतरणार नाही. बाबांनी माझा हात धरून ठेवला. मला रडूच आलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

उद्या सकाळी आधी फाउस्ताकडे.

१३ ऑक्टोबर

पंधरावं शनिवारीच झालं. पोशाख भाड्याचा होता, परत गेला. ब्रिसा पहाटेच्या बसने मावशीकडे गेली, कायमची, घरकामाला. फोटो एकही नाही. मी कॅमेरा घेऊन अंगणात उभी. फाउस्ताने मला खुर्ची दिली, कुपन काढून आणलं आणि विचारलं, “धाकटी आठ वर्षांची आहे. तिच्यासाठी चालेल का हो?”