नानाजींच्या हाताचा भाव

शिरपूर, ता. ११ जानेवारी १९३१

चि. जगदेव यास नानाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून बिचकू नकोस. मजकूर तुझ्या काकाचाच आहे, हात मात्र दुसऱ्याचा. माझा उजवा हात कोपराखाली मोडला असून खेमा हाडवैद्याने तो बांबूच्या कामट्यांत बांधला आहे.

झाले असे. रिसोडच्या बाजारातून उकंडरावांच्या दमणीत बसून परत येत होतो. जवसाच्या निळ्या फुलांवर ऊन उतरले होते. ते पाहून मला चौथीच्या पुस्तकातली एक जुनी कविता आठवली. माझ्या शाळेत चिंचेखाली साठ पोरे एका सुरात ती म्हणत, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या थांबत. मी म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्याला उकंडरावांनी दाद द्यायला दोन्ही हात उचलले. कासरा सुटला, बैल नाल्यात आणि मी नाल्यापलीकडे. चौथे कडवे राहिलेच.

गावचे पंच बसले. हात जुळेपर्यंत मास्तरच्या हाताचे सारे काम उकंडरावांच्या घराने करावे, असे ठरले. त्यामुळे उकंडराव मला म्हशीसारखे घासून आंघोळ घालतात, त्यांच्या पत्नी कस्तुराबाई दोन वेळा ताट पाठवतात, आणि लिहायला त्यांची सून सोजर येते. त्या घरात अक्षर तेवढे तिलाच. रिसोडला सहावी झाली आणि लग्न झाले. काना-मात्रेची चूक शोधून सापडत नाही.

तुझी माया अशीच राहू दे, हा आशीर्वाद. (डाव्या हाताने.)

नानाजी

*

अकोला, ता. १६ जानेवारी १९३१

तीर्थरूप नानाजींच्या सेवेशी, बालके जगदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून घास उतरला नाही. पण मी वकिलाच्या हाताखाली सहा वर्षे कारकुनी केली ती उगाच नाही. अवयवांचे भाव मला पाठ आहेत. कामगारांच्या कायद्यात बेचाळीस महिन्यांच्या मजुरीचे शंभर भाग धरतात. त्यात उजवा हात कोपरावरून गेल्यास सत्तर, डावा साठ, अंगठा पंचवीस, त्याच्या शेजारचे बोट दहा, बाकीची बोटे पाच-पाच.

हा दर आपल्याला लागेल का, असे वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले की तो कारखान्यातल्या मजुराचा. शिवाय पेन्शनराचा हात मोडला तरी पेन्शन चालूच राहते, तेव्हा कमाईच्या हिशेबाने आपल्या हाताची किंमत शून्य. मला फार लागले. मग त्यांनी यातनांबद्दल दीडशे रुपयांची नोटीस देता येईल असे सुचवले. मात्र त्यात कवितेचा उल्लेख नको. गाडीवानाला गुंगवल्याचा दोष उलट आपल्यावर येईल.

हे पत्र उकंडरावांच्या घरातल्या कुणाच्याही नजरेस पडू देऊ नये.

लेकरावर कृपा असू द्यावी.

जगदेव

*

शिरपूर, ता. २५ जानेवारी १९३१

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे गुप्त पत्र सोजरने मोठ्याने वाचून दाखवले. चष्माही त्याच नाल्यात फुटला, हे कळवायचे राहून गेले होते. शून्यापाशी ती हसली, दीडशेपाशी थांबली.

बाकीची बोटे पाच-पाच ऐकून मन खिन्न झाले. मी करंगळीने ताल धरीत असे, आणि त्या करंगळीवर अख्खा वर्ग चाले. तुझ्या कायद्याला ताल कळत नाही.

नोटीस नको. उकंडराव माझे मित्र आहेत. माझी काळजी निराळीच आहे. खेमा म्हणतो की अजून तीन आठवड्यांत हात जुळेल. चांगली बातमी, पण मला झोप नाही. पत्र लिहून झाले की सोजर सातवीचा अभ्यास करते. एप्रिलात वाशीमला फायनल परीक्षा आहे; ती पास झाली की मास्तरीण होता येते. इथल्या मुलींच्या शाळेला दोन वर्षे मास्तरीण मिळत नाही. पण कस्तुराबाई सुनेला उंबऱ्याबाहेर सोडतात ती पंचांच्या धाकाने. हात जुळला की अभ्यास मोडला. या वयात आणखी काय मोडून घ्यावे, याचा विचार करतो आहे.

काकाची आठवण ठेव.

नानाजी

ता. क. जगदेवभाऊजी, हे नानाजींना वाचून दाखवलेले नाही. नोटीस पाठवाच. पण दीडशेची नको, तीनशेची पाठवा. दीडशे असले तर मामंजी कापूस विकून देतील आणि मी घरातच राहीन. तीनशे ऐकले की तडजोड मागतील. त्या तडजोडीत परीक्षेचे कलम आधीच घालून ठेवा. भाषा वकिली असू द्या. समजले नाही की सासूबाई जास्त घाबरतात. — सोजर

*

शिरपूर, ता. ९ ऑगस्ट १९३१

जगदेव बापूले उकंडरावचा रामराम. मी सांगून राह्यलो, सोजर लिहून राह्यली.

तुमची नोटीस भेटली होती. सोजरनंच वाचली. वाचता वाचता तिचा आवाज असा कापे, का मले पोरीची दया आली. तीनशे ऐकून मी ओट्यावरच बसलो. मास्तर तं माह्यापेक्षा जास्त घाबरला, म्हने मी असं सांगतलंच नाही. खाली कलम होतं, का पैसे द्या, नाही तं सुनेले परीक्षेले बसवा. कस्तुरानं इचारलं परीक्षेची फी किती. दोन रुपये म्हनलं. कस्तुरा म्हने, मंग बसवा, इतक्या सस्त्यात कोनी सुटत नाही.

वाशीमले मीच दमणीनं घेऊन गेलो. मास्तर बी संग होता. त्याले आधीच बजावलं, तोंडातून कविता निघाली तं रस्त्यात उतरवीन. बिचारा सारा रस्ता ओठ दाबून बसला.

पोरगी पास झाली. जुलैपासून मुलींच्या शाळेत मास्तरीण हाय, पंधरा रुपये पगार. मास्तरचा हात बरा हाय. तो रोज शाळेच्या खिडकीखाली जाऊन बसते आन् पोरी कविता म्हनाले लागल्या का बोट हालवते.

आता कामाचं. सून शाळेत जाते, म्हनून भाकरी कस्तुराले थापा लागते. तिची कमर धरली. ते इचारते, तुमच्या कागदात हाताचे, बोटाचे भाव हायत, सासूच्या कमरेचा काय भाव? वकिलाले इचारून लिहा. दावा मास्तरवर करा लागन का सुनेवर, हे बी लिहा.

एकच हाय. पगाराच्या दिवशी कमर दुखत नाही. ते दाव्यात घालू नका.

हाय तशी माया ठेवा, बापू.

उकंडराव